बीजींच्या बोलीतला वेलणकर

मी अकरा वर्षांची होईपर्यंत ओम पुरी मराठी आहेत अशी माझी पक्की समजूत होती. ती होण्यासारखंच सगळं होतं. आमच्या घरी ‘अर्धसत्य’चं नाव सारखं निघायचं. त्या चित्रपटातले ओम पुरी म्हणजे सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर! मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, कविता दिलीप चित्र्यांची. बाबा ही नावं घरातली माणसं असावीत तशी घ्यायचे. त्याआधीच्या ‘आक्रोश’मध्ये लहान्या भिकू. तोही आपल्याकडचाच आदिवासी, तोही तेंडुलकरांचा. असं असताना हा माणूस दुसरीकडचा असेल हे माझ्या मनात यायचं कारणच नव्हतं.

आम्ही मनमाडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारी एक सरदारजी गार्ड होते. त्यांची बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. आईला सगळे बीजी म्हणायचे, म्हणून आम्हीही बीजीच म्हणायचो. मनमाडला पाणी येईल तेव्हा भरायचं, नाही येणार तेव्हा पुरवायचं. बीजींनी दाराशी दोन ड्रम ठेवले होते आणि त्यांतला एक आमच्यासाठी आहे असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला पंजाबी येत नव्हती. दोघी पाण्याच्या रांगेत तासन्‌तास बोलायच्या.

1988 च्या सुरुवातीला दूरदर्शनवर ‘तमस’ लागलं. गार्डसाहेबांच्या घरी ते बघत नसत. बीजी फाळणीत लाहोरकडून अंबाल्याला आलेल्या. टीव्ही बंद करून त्या आत जाऊन बसायच्या. आम्ही मात्र पाहिलं. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची गोविंद निहलानींची ती मालिका ज्या प्रसंगाने सुरू होते, तो मी आजही सलग पाहू शकत नाही. रात्र, एक बंद खोपटं, एक डुक्कर, आणि ते कसं मारतात हे ठाऊक नसलेला नत्थू. कातडी कमावणारा माणूस. पाच रुपये हातावर ठेवून त्याला हे काम सांगितलेलं. ते जनावर मारता मारता त्याची जी दमछाक होते, जो वैताग आणि जी भीती दाटून येते, ती ओम पुरी चेहऱ्यावर कमी आणि खांद्यांत जास्त दाखवतात. बोलणं जवळपास नाहीच, नुसती धाप. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडणार आणि गाव पेटणार, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी गार्डसाहेबांकडे धाकट्याचा वाढदिवस होता. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे व्हीसीआर भाड्याने आणला गेला. कॅसेटी अंबाल्याच्या नातेवाइकांनी झेलम एक्स्प्रेसने येताना आणलेल्या. त्यांतली एक ‘चन्न परदेसी’. आम्ही सगळी मुलं सतरंजीवर, बीजी मागे खाटेवर. पडद्यावर राज बब्बर, अमरीश पुरी, कुलभूषण खरबंदा, रमा विज. मला काही कळत नव्हतं. मग एक माणूस आला. पदरी असलेल्या माणसाची चाल, जमीनदाराच्या आजूबाजूला घोटाळणारी नजर. चेहरा माझ्या ओळखीचा. देवीच्या व्रणांचा, रुंद नाकाचा, एकदा पाहिला की न विसरता येणारा.

मी ओरडलेच, “वेलणकर!”

आणि वेलणकरने तोंड उघडलं तर आत बीजी बोलत होत्या.

दुसऱ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही. पंजाबीत ‘घ’, ‘भ’, ‘ध’ ही अक्षरं आपल्यासारखी उच्चारत नाहीत. बीजी ‘घोडा’ म्हणायच्या तेव्हा ‘घ’ जवळपास ‘क’ व्हायचा आणि आवाज क्षणभर घशात खाली उतरून परत वर यायचा, पायरी चुकल्यासारखा. आम्ही मुलं त्या उताराची नक्कल करायला जायचो आणि ती कधीच जमायची नाही. पडद्यावरच्या त्या माणसाचा आवाज त्याच पायरीवरून त्याच ठिकाणी खाली उतरत होता. हिंदीत तोच माणूस ‘घर’ म्हणतो तेव्हा ‘घ’ लख्ख असतो, कमावलेला. इथे तो कमावलेला नव्हता, जन्माचा होता.

बीजी खाटेवरून पुढे वाकल्या. “एह तां साडे पासे दा मुंडा ए,” त्या म्हणाल्या. हा तर आमच्याकडचा मुलगा आहे. मग पूर्ण चित्रपटभर त्या मला प्रत्येक वाक्य त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगत बसल्या. तो तुलसी आहे, जमीनदाराच्या पदरी आहे, याच्यावर भरवसा ठेवू नको. ओम पुरींना पहिल्यांदा त्यांच्या भाषेत ऐकलं ते असं, एका म्हातारीच्या अनुवादातून.

*

बीजींचा अंदाज अगदी बरोबर होता, हे मला पुढे वाचल्यावर कळलं. ओम पुरींचा जन्म अंबाल्याचा, 1950 चा. जन्मतारखेची नोंद कुणी केली नव्हती. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी झालास, एवढंच आईने सांगितलेलं. शाळेत घालताना मामांनी मार्चमधली एक तारीख टाकून दिली. मोठेपणी मुंबईत आल्यावर त्यांनी त्या वर्षीचा दसरा शोधून काढला आणि 18 ऑक्टोबर ही तारीख स्वतःच स्वतःला दिली.

वडील रेल्वेत भांडारात कारकून होते. ओम सहा वर्षांचा असताना सिमेंटच्या चोरीचा आळ येऊन ते तुरुंगात गेले आणि घर उघड्यावर आलं. थोरल्या भावाने स्टेशनवर हमाली धरली. ओम चहाच्या टपरीवर कपबशा धुवायला लागला. रुळांवर पडलेला कोळसा वेचून आणायचा हेही त्याचंच काम.

हे वाचताना मी थांबले होते. आमच्या मनमाडला मीटरगेजच्या बाजूला तेव्हा कोळशाची इंजिनं होती आणि यार्डात कोळसा वेचणारी मुलं रोज दिसायची. फाटक्या गोणीत काळे तुकडे टाकायची, शिट्टी ऐकली की पांगायची. बीजी त्यांतल्या दोघा-तिघांना हाक मारून पोळी द्यायच्या. त्या मुलांकडे कुणी नीट पाहत नाही आणि ती मात्र सगळ्यांकडे पाहत असतात. गार्ड कसा उभा राहतो, पोलीस कसा चालतो, मालक कुठल्या सुरात हाक मारतो. पोट त्यावर असतं, म्हणून लक्ष असतं. ओम पुरींची हवालदारापासून जमीनदाराच्या माणसापर्यंतची सगळी माणसं मला त्या रुळांवरून आलेली वाटतात. अभिनयाच्या शाळांनी त्यांना पुष्कळ दिलं, पण बघायला शिकवलं ते अंबाल्याच्या यार्डाने, असं माझं मत आहे.

पुढे पतियाळाजवळ सनौरला आजोळी राहून शिक्षण झालं, पंजाबी माध्यमातून. एका वकिलाकडे मुन्शीगिरी केली. नाटकासाठी रजा मागितली म्हणून ती गेली. मग पतियाळाच्या खालसा कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस. आणि त्याच सुमारास हरपाल टिवाणा यांच्या ‘पंजाब कला मंच’ या नाटक मंडळीत प्रवेश. टिवाणा आणि त्यांच्या पत्नी नीना हे पतियाळातल्या रंगभूमीचं मोठं नाव. दिवसा बाटल्या धुवायच्या, संध्याकाळी तालीम. ओम पुरी नट झाले ते पंजाबीत. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट हे सगळं नंतरचं. दिल्लीत अल्काझींच्या हाताखाली शिकताना इंग्रजीची त्यांना फार धास्ती होती, परत जावं असंही वाटत होतं. बरोबर नसीरुद्दीन शाह होते. ती मैत्री आयुष्यभर टिकली.

पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेशाच्या वेळी निवड समितीत वाद झाला होता. हा नायक दिसत नाही, खलनायक दिसत नाही, विनोदी नट दिसत नाही, सिनेमाला याचा उपयोग काय? तेव्हा संचालक गिरीश कार्नाड होते आणि ते याच्या बाजूने उभे राहिले. त्या समितीचा प्रश्न मला दुष्ट वाटत नाही. तेव्हाच्या सिनेमात चेहऱ्यांची खाती होती आणि हा चेहरा कुठल्याच खात्यात बसत नव्हता. पुढची चाळीस वर्षं तो सगळ्या खात्यांत बसला. ‘जाने भी दो यारो’मधला दारूच्या तारेत शवपेटीला बंद पडलेली मोटार समजून मदत करायला निघालेला आहुजा आणि ‘तमस’चा नत्थू यांच्यामध्ये जेमतेम पाच वर्षं आहेत. आहुजा बोलतो हिंदी, पण ती पायरी, तो घशातला उतार, तिथे मुद्दाम मोकळा सोडलेला आहे. एकच उच्चार एकीकडे हसवायला आणि दुसरीकडे काळजाचं पाणी करायला वापरता येतो, हे फार थोड्यांना जमतं.

आणि हो, पडद्यावरची पहिली मोठी भूमिका मराठीत. 1976 चा ‘घाशीराम कोतवाल’. इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी सहकारी तत्त्वावर काढलेला. मोहन आगाशे नाना फडणवीस, ओम पुरी घाशीराम. कनोजचा ब्राह्मण पुण्यात येऊन अपमान गिळतो आणि कोतवाल होऊन उट्टं काढतो. बाहेरून आलेल्या माणसाची ती गोष्ट एका बाहेरून आलेल्या मुलाने केली. म्हणजे माझी लहानपणची समजूत अगदीच निराधार नव्हती.

*

मला सारखी खंत वाटते ती इथून पुढची. ओम पुरींना दोन वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘आरोहण’मध्ये ते बंगालचे कूळ होते, ‘अर्धसत्य’मध्ये मराठी फौजदार. पंजाबीत जन्मलेल्या, पंजाबीत शिकलेल्या, पंजाबीत नट झालेल्या माणसाचं पंजाबी सिनेमातलं काम मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याएवढं. ‘चन्न परदेसी’ आणि टिवाणांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘लौंग दा लिश्कारा’ ही त्यांतली दोन ठळक नावं. दुसऱ्यात संगीत जगजित सिंगांचं. गुरदास मान, राज बब्बर, आणि गुलाबो मासीच्या भूमिकेत निर्मल ऋषी, त्याही टिवाणांच्याच नाटकांत घडलेल्या. पतियाळाची एक अख्खी तालीम तिथे पडद्यावर आली आहे. या बाईंना 2024 साली पद्मश्री मिळाली आणि आजही पंजाबी सिनेमातली खमकी आजी म्हटलं की त्यांचाच चेहरा पुढे येतो. ओम पुरींबद्दल विचार करताना मला त्या हटकून आठवतात. एकाच तालमीतली दोन माणसं, एक जगभर गेला, एक घरी राहिली.

ओम पुरींनी पंजाबी सिनेमाकडे पाठ फिरवली असं मी म्हणणार नाही, कारण पाठ फिरवायला समोर काही उभं तर पाहिजे. फाळणीआधी पंजाबी चित्रपटांचं घर होतं लाहोर. 1947 मध्ये ते घर तुटलं. कलावंत, गायक, तंत्रज्ञ मुंबईत आले आणि हिंदी सिनेमात विरघळले. पंजाबी चित्रपट निघत राहिले, पण मुंबईतून, थोड्या पैशांत, अर्ध्या झालेल्या प्रेक्षकासाठी. 1969 च्या ‘नानक नाम जहाज है’ने थेटरं भरली. लोक डोकं झाकून, चपला बाहेर काढून आत जायचे. सत्तरच्या दशकात मेहर मित्तलांच्या विनोदावर गाडी चालली. आणि मग ‘चन्न परदेसी’. पंजाबीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. गावातला जमीनदार, कूळ, बाई आणि अन्याय हा विषय पंजाबीत इतक्या ताकदीच्या नटांनी एकत्र येऊन केलेला. वाटलं असणार, आता सुरू झालं.

मग 1984 आलं. सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई, पंतप्रधानांची हत्या, दिल्लीतली शिखांची कत्तल आणि त्यापुढची दहा वर्षं. संध्याकाळनंतर माणसं घराबाहेर पडेनात, मग सिनेमाला कोण जाणार? 6 डिसेंबर 1988 ला वरिंदर या त्या काळच्या सगळ्यात लोकप्रिय पंजाबी नट-दिग्दर्शकाला चित्रीकरण चालू असताना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी ‘तमस’ दाखवलं गेलं होतं. ही दोन्ही टोकं शेजारी ठेवली की मला फार वाईट वाटतं. 1980 ते 1988 हा ओम पुरींचा भर दुपारचा काळ. ‘आक्रोश’, ‘आरोहण’, ‘अर्धसत्य’, ‘मिर्च मसाला’, ‘तमस’. नेमक्या त्याच वर्षांत त्यांच्या भाषेचा सिनेमा दिवे मालवून बसलेला. तो परत उभा राहिला 2002 च्या ‘जी आयां नूं’नंतर, परदेशी गेलेल्या पंजाब्यांच्या पैशावर आणि ओढीवर. तोवर हे पन्नाशी ओलांडून गेले होते आणि परदेशी चित्रपटांत मोठे झाले होते.

आपल्याकडे डॉ. लागू किंवा निळू फुले हिंदीत कितीही काम करोत, परत यायला मराठी नाटक होतं, मराठी चित्रपट होता. रोज संध्याकाळी आपल्या भाषेत उभं राहायची सोय होती. ही केवढी श्रीमंती आहे ते मला ओम पुरींच्या यादीकडे बघून कळलं.

मग त्यांची पंजाबी गेली कुठे? ती बाहेरच्या भूमिकांत झिरपत राहिली. ‘माचिस’मधला सनातन आठवा. घरातली अर्धी माणसं सत्तेचाळीसने नेलेली, उरलेली चौऱ्याऐंशीने. चित्रपट हिंदी, पण तो माणूस पंजाबच्या मातीतला आहे हे सांगावं लागत नाही. ‘माय सन द फनॅटिक’मधला ब्रॅडफर्डचा टॅक्सीवाला परवेझ. आणि ‘ईस्ट इज ईस्ट’मधला जॉर्ज खान, 1971 च्या सॅलफर्डमध्ये मासे आणि तळलेल्या बटाट्याचं दुकान चालवणारा, इंग्रज बायकोचा नवरा, सात पोरांचा बाप. या भूमिकेसाठी त्यांना बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं नामांकन मिळालं. जॉर्ज खानचं इंग्रजी ऐकताना मला त्यांची नाट्य विद्यालयातली धास्ती आठवते. ज्या इंग्रजीला ते घाबरायचे, त्याच इंग्रजीत ते घाबरलेल्या आणि म्हणून हात उगारणाऱ्या बापाचं काम करत होते. तो माणूस बायकोला मारतो तेव्हा त्याचा राग येतो, आणि नंतर तो एकटा बसतो तेव्हा पोटात तुटतं. दोन्ही एकाच माणसाबद्दल.

त्याच्या पुढच्या भागात, ‘वेस्ट इज वेस्ट’मध्ये, जॉर्ज खान पाकिस्तानातल्या आपल्या गावी परततो. चित्रीकरण आपल्या पंजाबातलं. तीस वर्षं टाकलेली पहिली बायको तिथे आहे. ती झालीय इला अरुण. तिच्यापुढे उभं राहिल्यावर ओम पुरींना बोलता येत नाही. मागे शेतं, अंगावर परदेशातून आणलेला कोट, आणि घशात ती पायरी. पुढे तिची आणि इंग्रज बायकोची गाठ पडते. दोघी बसतात, एक पंजाबीत बोलते, एक इंग्रजीत, मधे दुभाषी कुणी नाही, आणि दोघींना सगळं समजतं. मनमाडच्या पाण्याच्या रांगेतली माझी आई आणि बीजी मला त्या क्षणी दिसल्या.

2016 मध्ये त्यांनी ‘अ‍ॅक्टर इन लॉ’ हा पाकिस्तानी चित्रपट केला. 6 जानेवारी 2017 ला सकाळी मुंबईत घरी गेले. वय 66.

*

त्या दिवशी संध्याकाळी मी लुधियान्याला फोन लावला. वाढदिवसाला ज्याच्यासाठी व्हीसीआर आणला होता तो, बीजींचा धाकटा नातू. बीजी जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. त्याने बातमी ऐकली होती. थोडा वेळ आम्ही तुलसीबद्दल बोललो, खाटेबद्दल बोललो. मग त्याने विचारलं, “तू तेव्हा वेलणकर म्हणून ओरडली होतीस. त्यांनी खरंच मराठीत काम केलंय का कधी?”

‘घाशीराम’ कित्येक वर्षं कुणाला बघायलाच मिळत नव्हता. बर्लिनमध्ये जपलेल्या प्रतीवरून तो पुन्हा उजेडात आला. मी त्याला पाठवला. मनमाडला लहानपण जाऊनही त्याचं मराठी दुकानातल्या हिशोबापुरतं. रविवारी दुपारी त्याचा फोन आला, मागे चित्रपट चालू. म्हणाला, तू ऐकत राहा आणि मला सांगत जा. मी डोळे मिटून ऐकत होते आणि वाक्यामागून वाक्य हिंदीत करून देत होते. हा नाना आहे. हे पुणं आहे. याला चोर ठरवून मारलंय.

“आता तो काय मागतोय?”

“कोतवाली. पुण्याची कोतवाली.”

“आणि नाना काय मागतोय?”

मी लगेच बोलले नाही. बीजीसुद्धा मधेच अशा थांबायच्या, ‘चन्न परदेसी’तल्या कम्मोवर काय गुदरतं ते मला सांगायची वेळ आली तेव्हा थांबल्या होत्या, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता.

“मुलगी,” मी म्हटलं. “याची मुलगी.”

पलीकडे त्याने आवाज थोडा कमी केला, आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो.